रंगाखाली काय आहे? : घरी बांधलेल्या विमानाची लांबी आणि रंग

विमान म्हटले की चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उतरणारे प्रवासी विमान आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ते विमान कारखान्यात बनते, शेकडो अभियंते त्यासाठी राबतात, हे आपण जाणतो. परंतु एक-दोन किंवा चार आसनांचे छोटे विमान स्वतःच्या हातांनी, घराच्या आवारात किंवा एखाद्या गाळ्यात बांधणारी माणसेही जगात आहेत. महाराष्ट्राला ही गोष्ट अगदीच परकी नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते प्रत्यक्ष पाहिले. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाणाचा परवाना मिळाला.

यादव यांचे विमान मुख्यतः धातूचे आहे. घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांचा दुसरा मोठा प्रकार फायबरचा, म्हणजे कंपोझिट द्रव्याचा असतो. त्या विमानाच्या बांधणीतील शेवटची पायरी म्हणजे पृष्ठभागाची लांबी भरणे, तो घासणे आणि रंगवणे. याच पायरीविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. स्मरणिकेत हा विषय कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत किंवा शहरातील गॅरेजांत डेंटिंग-पेंटिंगचे काम करतात. ज्या कामाला समाज हलके समजतो, त्याच कामावर विमानाचे वजन, त्याचे आयुष्य आणि वैमानिकाचा जीव कसा अवलंबून असतो, हे त्यांच्यासमोर आणि त्यांच्या पालकांसमोर मांडावे असे आम्हाला वाटले. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु ज्याने अजिंठ्याच्या भिंतींवरील गिलाव्याचे थर समजून घेतले आहेत, त्याला पृष्ठभागाचे शास्त्र फार दूरचे वाटत नाही.

फायबरचे विमान म्हणजे काय?

कंपोझिट म्हणजे दोन द्रव्यांचा असा संयोग, की ज्यात एकाची उणीव दुसरे भरून काढते. काचेचे तंतू ताणाला अतिशय बळकट असतात, पण ते कापडासारखे लुळे असतात. इपॉक्सी रेझिन घट्ट असते, पण एकट्याने ठिसूळ ठरते. कापड रेझिनमध्ये भिजवून सुकवले की हलके आणि मजबूत कवच तयार होते. घराघरांत असणारे अराल्डाइट हे इपॉक्सीच आहे, असे सांगितले म्हणजे वाचकांना कल्पना येईल.

अमेरिकी अभियंता बर्ट रुटान यांनी ही पद्धत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. त्यांचे ‘व्हेरीईझी’ हे छोटे विमान १९७५ मध्ये उडाले आणि पुढे १९७९ मध्ये ‘लाँग-ईझी’ आले. या पद्धतीत महागड्या साच्याची गरज नसते. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेले काचेचे कापड चढवायचे. रुटान यांनीच रचलेल्या ‘व्हॉयेजर’ या कंपोझिट विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये कोठेही न थांबता आणि वाटेत इंधन न भरता ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आपल्या देशातही बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने फायबरचे ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान घडवले. एन.सी.सी.च्या छात्रांसाठी घेतलेली ‘व्हायरस’ जातीची छोटी विमानेही कंपोझिटचीच आहेत.

साच्याविना बनवलेल्या कवचावर कापडाची वीण उठून दिसते. हात फिरवला तर गोणपाटावरून फिरल्यासारखा वाटतो. जोडांच्या ठिकाणी उंचवटे राहतात, कोठे खळगे राहतात. अशा पृष्ठभागावरून हवा सुरळीत वाहत नाही. म्हणून खळगे भरावे लागतात, आणि येथूनच निवडीचा प्रश्न सुरू होतो.

आधी पाहणी, मग लांबी

लांबीचा डबा उघडण्यापूर्वी एक काम करावे लागते. काच-इपॉक्सीचे कवच काहीसे पारदर्शक असते. नीट भिजलेला भाग एकसारखा दिसतो, तर जेथे हवा अडकली आहे किंवा रेझिन पोहोचलेले नाही तेथे पांढरट डाग दिसतो. प्रखर दिव्याच्या उजेडात हा दोष डोळ्यांना दिसतो आणि नाण्याने हलकेच टकटक केली तर कानालाही कळतो. घट्ट भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द येतो. दोष लहान असेल तर तेथे बारीक छिद्र पाडून रेझिन भरता येते. मोठा असेल तर तो भाग घासून काढून नवे कापड चढवावे लागते.

एकदा लांबी आणि रंग चढला की हे दर्शन कायमचे बंद होते. म्हणूनच जाणते बांधणारे रंगापूर्वी दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलावून प्रत्येक वीत तपासून घेतात. लांबी खळगा भरते. ती ताकद देत नाही. कच्च्या जोडावर लांबी फासली तर जोड कच्चाच राहतो, फक्त तो दिसेनासा होतो. मोटारीच्या दारात अशी लबाडी खपून जाते. विमानाच्या पंखात ती खपत नाही.

कोणती लांबी निवडावी?

गॅरेजमध्ये जी लांबी वापरतात, ती बहुधा पॉलिस्टरची असते. डब्यातील लगद्यात नळीतला हार्डनर कालवला की काही मिनिटांत ती घट्ट होते आणि सहज घासली जाते. पत्र्यासाठी ती उपयोगी आहे. फायबरच्या विमानासाठी मात्र तिच्यात अनेक अडचणी आहेत.

पहिली अडचण वजनाची. तिच्यात शंखजिऱ्यासारखी जड भुकटी असते. साधी लांबी पाण्याच्या दीडपटीहून अधिक जड भरते. हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर लांबी. समजा २० चौरस मीटर पृष्ठभागावर सरासरी अर्धा मिलिमीटर थर राहिला, तर दहा लिटर झाली. गॅरेजच्या लांबीने हे वजन १५ किलोच्या पुढे जाते. हलक्या लांबीने तेच सुमारे ५ किलोवर राहते. ज्या विमानात दोन माणसे आणि थोडे सामान एवढाच भार पेलायचा असतो, तेथे दहा किलोंचा फरक मोठा असतो. आणि हा भार प्रत्येक उड्डाणात, विमानाच्या आयुष्यभर वाहावा लागतो.

दुसरी अडचण पकडीची. सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर चांगले घासून घेतल्याशिवाय नीट धरत नाही. ते सुकताना आणि सुकल्यानंतरही आकसते, ओलावा शोषते आणि काही काळाने कडांपाशी रेघा उमटतात. तिसरी अडचण सर्वांत गंभीर. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचे द्रव्य असते. ते पॉलिस्टायरीन फोम विरघळवते. थर्माकोलवर पेट्रोल टाकले की तो कसा वितळतो, हा खेळ आपल्या मुलांनी कधी ना कधी केलेलाच असतो. पंखातील निळा फोम थर्माकोलचाच सख्खा भाऊ आहे. कवचात कोठे भेग असेल आणि त्यातून हे द्रव्य आत झिरपले, तर बाहेरून गुळगुळीत दिसणारा पंख आतून पोकळ होऊ शकतो.

म्हणून फायबरच्या विमानासाठी लांबी घरीच कालवतात. तिचा आधार इपॉक्सीच असतो आणि त्यात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळतात. डोळ्यांना ते पांढऱ्या पिठासारखे दिसतात. गोळे आतून पोकळ असल्याने लांबी हलकी होते आणि घासायलाही सोपी जाते. या मिश्रणाला बांधणारे ‘मायक्रो’ म्हणतात. गोळे किती मिसळावेत हे कामावर ठरते. रेझिन आणि गोळे आकारमानाने सारखे घेतले तर रबडीसारखे पातळ मिश्रण होते. ते कापड चढवण्यापूर्वी फोमची छिद्रे भरण्यासाठी लावतात. गोळे दुप्पट ते चौपट घेतले तर दाट मिश्रण होते. त्याने फोमचे तुकडे एकमेकांना जोडतात. पाचपट किंवा त्याहून अधिक गोळे घेतले तर कोरड्या पिठल्यासारखे, न ओघळणारे मिश्रण होते. पृष्ठभाग भरण्यासाठी हेच वापरतात.

गोळ्यांऐवजी कापसाचे बारीक तंतू मिसळले तर मिश्रण मजबूत होते, पण जड आणि घासायला अत्यंत कठीण. ते कोपरे आणि सांधे भरण्यासाठी असते, पृष्ठभागासाठी नाही. सिलिकाची भुकटी लांबी ओघळू नये म्हणून चिमूटभर चालते, पण अधिक झाली की पृष्ठभाग दगडासारखा होतो. तेव्हा एकच भुकटी सर्वत्र उत्तम असे काही नाही. ज्या जागी जे काम, त्या जागी ते द्रव्य.

गॅरेजमधील कारागिरांनी येथे एक सवय सोडली पाहिजे. पॉलिस्टरच्या लांबीत हार्डनर थोडा अधिक घातला तर ती लवकर सुकते. इपॉक्सीत असे चालत नाही. तेथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. हार्डनर अधिक घातला तर तो शिल्लक राहतो आणि थर कायमचा मऊ राहतो. म्हणून इपॉक्सी अंदाजाने ओतत नाहीत. काट्यावर तोलून घेतात.

घासणे : संयमाचे काम

घासकाम लांब, सपाट फळीला पॉलिश पेपर चिकटवून करतात. नुसत्या हाताने घासले तर बोटांखालचा मऊ भाग अधिक झिजतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. फळी पंखाच्या लांबीला तिरकी धरून दोन्ही दिशांनी फिरवली की उंचवटे आपोआप खाली येतात. सुरुवात ४० नंबरच्या जाड पेपरने, मग ८०, १२०, २२० आणि शेवटी ३२०. चांगल्या कामात लावलेल्या लांबीचा बराचसा भाग घासून जमिनीवर पडलेला असतो.

येथील नियम एकच, पण तो मोडता येत नाही : लांबी घासावी, कापड घासू नये. घासताना कापडाची वीण दिसू लागली की हात थांबवावा. पंखाच्या कवचात कापडाचे मोजकेच थर असतात. त्यातला एक थर गुळगुळीतपणाच्या हौसेपायी अर्धा झिजवला, तर पंखाची ताकद त्या प्रमाणात गेली. उंचवटा कापडाचा असेल तर तो कापायचा नाही. त्याच्या आजूबाजूचा भाग भरून वर आणायचा.

दमट हवेत इपॉक्सी सुकताना तिच्यावर मेणचट साय येते. आपल्याकडे पावसाळ्यात हे हमखास घडते. ही साय पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर चढवला, तर तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून मास्क अनिवार्य आहे.

अस्तर आणि ऊन

लांबी घासून झाली तरी तिच्यात सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे राहतात. रंग मारला की ती उठून दिसतात. काही जण ती दाट प्रायमरने भरतात. काही जण निव्वळ इपॉक्सीचे पातळ हात रबरी पट्टीने खरवडून छिद्रांत दाबतात आणि मग घासतात. दुसऱ्या पद्धतीत वेळ अधिक जातो, पण पृष्ठभाग टिकाऊ होतो.

अस्तराचे दुसरे काम संरक्षणाचे आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण इपॉक्सीला हळूहळू जाळतात. उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडते आणि नंतर त्याची भुकटी होऊ लागते. म्हणून अस्तरात किंवा रंगात काजळी अथवा टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखे किरण अडवणारे रंगद्रव्य असावेच लागते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल.

पांढराच रंग का?

फायबरची ग्लायडर आणि छोटी विमाने बहुतेक पांढरी दिसतात. ती केवळ आवड नव्हे. खोलीच्या तापमानाला सुकवलेले इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते आणि निळा फोमही सुमारे ७५ अंशांनंतर टिकत नाही. मे महिन्यात आपल्या शहरात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून पाहावा. अशा दिवशी पांढरा पृष्ठभाग साधारण ६० अंशांच्या आसपास राहतो, तर काळा ९० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. पांढऱ्या रंगाचे विमान सीमेच्या काठावर सुरक्षित राहते; काळे, गडद निळे किंवा गडद लाल विमान सीमा ओलांडते. मऊ पडलेला पंख स्वतःच्या भाराने हळूहळू वाकतो, पिळतो, आणि थंड झाल्यावर तसाच राहतो.

तेजससारखे लढाऊ विमान कंपोझिटचे असूनही राखाडी कसे, असे कोणी विचारील. तेथे रेझिन वेगळे असते आणि ते कारखान्यातील भट्टीत उष्णता व दाब देऊन पक्के केलेले असते. गाळ्यात बांधलेल्या विमानाला ती सोय नाही. म्हणून पट्टे, नाव किंवा क्रमांक गडद चालतील. पंखाचा वरचा पृष्ठभाग पांढराच हवा. चमकीच्या रंगाचाही मोह टाळावा. त्यात धातूचे कण असतात आणि फायबरच्या विमानात रेडिओची अँटेना पुष्कळदा कवचाच्या आत बसवलेली असते. धातूचे कण तिच्या लहरींना अडथळा आणतात.

रंग, वजन आणि श्वास

आज बहुतेक बांधणारे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग निवडतात. तो कठीण, चकचकीत आणि पेट्रोलला दाद न देणारा असतो. मोटारीप्रमाणे रंगावर वेगळा पारदर्शक थर चढवता येतो, पण तो थरही वजनच वाढवतो. त्यामुळे एकाच द्रव्यात रंग आणि चमक देणारा प्रकार विमानासाठी अधिक योग्य.

रंग हालत्या भागांवर विशेष परिणाम करतो. पंखाच्या मागील कडेवरचे एलेरॉन आणि शेपटीवरचे एलिव्हेटर बिजागरीवर तोलून बसवलेले असतात. बिजागरीच्या मागे रंगाचे काही ग्रॅम वाढले तरी तोल बिघडतो. मग ठरावीक वेगाला तो भाग आपोआप फडफडू लागतो आणि काही क्षणांत तुटू शकतो. म्हणून रंग सुकल्यानंतर प्रत्येक हालता भाग पुन्हा तोलून पाहणे हा रंगकामाचाच अविभाज्य भाग आहे. संपूर्ण विमानाचे वजनही नव्याने करावे लागते.

पुढे कधी रंग काढायची वेळ आली, तर बाजारात मिळणारे रंग उतरवण्याचे रसायन फायबरला लावू नये. ते रंगाबरोबर इपॉक्सीही खाते. जुना रंग घासूनच काढावा.

आता आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. १९८४ मध्ये भोपाळमध्ये गळती झालेला वायू वेगळा होता आणि कितीतरी अधिक घातक होता, पण रसायनांच्या त्याच कुळातला होता. फवाऱ्याचे तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्राही सोसत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क येथे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा, हातमोजे आणि खेळती हवा असलेली जागा हवी. हीच गोष्ट मोटारीच्या रंगालाही तंतोतंत लागू आहे. आपला मुलगा गॅरेजमध्ये दोन भागांचा रंग मारत असेल, तर त्याच्या तोंडावर काय आहे, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावे.

अजिंठ्याच्या भिंतीकडे पाहताना

थरांचे हे शास्त्र आपल्या जिल्ह्याला नवे नाही. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत खडकावर आधी माती, वाळू, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून जाड थर दिला. तंतूंमुळे मातीला चिरा पडत नाहीत. काचेच्या कापडामागचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. त्यावर बारीक मातीचा पातळ थर, मग चुन्याचा हात आणि शेवटी रंग. प्रत्येक थराचे काम वेगळे आणि खालचा थर कच्चा असेल तर वरचा टिकत नाही.

त्याच भिंतींनी दुसराही धडा दिला आहे. निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलावण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे मोठे काम. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे वॉर्निश काळाच्या ओघात पिवळे आणि काळपट झाले, आणि पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना ते काळजीपूर्वक उतरवत बसावे लागले. चमक देणारा थर आज कसा दिसतो, एवढ्यावरून त्याची निवड करू नये. तो उन्हात, ओलाव्यात आणि पन्नास वर्षांनी कसा वागेल, हे विचारावे.

लांबी, घासणे आणि रंग ही कामे आपल्या समाजातील असंख्य हातांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत. त्या हातांना क्वचितच ज्ञानी म्हटले गेले. परंतु कोणता थर कशावर धरतो, कोठे थांबावे आणि काय झाकू नये, हे जाणणे हे ज्ञानच आहे. गॅरेजमध्ये कोणी ‘रंग मारून दे, कोणाला दिसणार आहे?’ असे म्हणेल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने आधी खालचा जोड दाखवावा आणि तो दुरुस्त करूनच रंगाची बंदूक हाती घ्यावी, एवढी अपेक्षा आम्ही या निमित्ताने व्यक्त करतो.